विन्सीचा तट आणि रूबेन गर्लिंग

रूबेन गर्लिंगला लोकांनी जन्मभर बोलावलं ते खणायला. शेतातले चर, कुंपणाचे खड्डे, विहिरी, गेलेल्याची कबर. विन्सी आणि आजूबाजूच्या तीन गावांत जमीन उघडायची असली की रूबेनच्या दारात जायचं, हे ठरलेलं. तो फावडं रोवायचा, जरा थांबायचा आणि खाली काय लागणार ते सांगायचा: चिकणमाती, वाळू, पाणी. त्याचं चुकल्याचं मला आठवत नाही. एकदाच चुकला, आणि ती चूक त्याची नव्हती, माझी होती. म्हणून हे लिहायला बसले.

मी नेल स्माय. विन्सीचं दुकान आणि टपाल मी एकाच काउंटरमागे बसून सदतीस वर्षं चालवलं. कुणाला कुठून पत्र आलं, कुणाकडे साखर जास्त लागते, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं मला ठाऊक असायचं आणि मी ते बोलूनही दाखवायची. ‘नेलच्या तोंडाला दार नाही,’ असं लोक म्हणायचे. एका गोष्टीपुरतं मात्र त्या तोंडाला दारही होतं आणि आतून कडीही. नेमकी तीच गोष्ट बोलायची होती.

आमचं गाव मातीच्या कड्यावर आहे आणि कडा दर वर्षी थोडा थोडा समुद्रात जातो. माझ्या आजीचं लग्न ज्या चर्चमध्ये झालं त्याच्यावर आता मासे फिरतात. कड्यावर रोमन लोकांचा कोट होता. त्याच्या तीन बाजू माझ्या जन्माआधीच पाण्यात गेल्या. उरला तो जमिनीकडचा तट, आणि तोही कुरणातला एक लांबट उंचवटा म्हणून. त्या उंचवट्याच्या अलीकडे, जुन्या खंदकाच्या काठावर रूबेनचं घर. १९६१ च्या वसंतात त्याच्या फाटकापासून कडा एकोणीस पावलांवर होता. दोन वर्षांपूर्वी तो एकतीस पावलांवर होता.

तटाचे दगड कुठे गेले, असं बाहेरचं कुणी विचारलं तर आम्ही समुद्राकडे बोट दाखवायचो. खरं म्हणजे ते समुद्राने नेले नव्हते, आम्ही दिले होते. ईस्टरनंतरच्या सोमवारी प्रत्येक घराने एक ढकलगाडीभर दगड कड्यावरून खाली लोटायचे, लाटांचा जोर मोडावा म्हणून. त्याला आम्ही दगडलोट म्हणायचो. पाद्री दोन शब्द म्हणायचा, मग बिअर आणि गोड पाव. दगड लागतील तेवढे तटात तयारच होते: चकमकीचे गोळे, पातळ लाल विटा, लोखंडासारखा चुना. कुणाचा दगड मोठा यावर वर्षभर बढाया चालायच्या. १९२८ साली रूबेनने तीन घोडे जुंपून एका बुरुजाचा उरलासुरला भाग ओढत आणला आणि लोटून दिला. त्याचा फोटो पबमध्ये बारच्या वर टांगलेला होता, आणि त्याखालून जाताना रूबेनची छाती जरा पुढे यायची. आपल्या घराची भिंत आपल्याच हाताने पाडून चोराच्या अंगावर फेकावी, तसं आम्ही शंभर वर्षं केलं. त्या वेळी कुणाला तसं वाटलं नाही. मलाही नाही.

एकच नियम होता: वरचं समुद्राचं, खालचं जुन्यांचं. जमिनीच्या वर जे दिसतं ते खुशाल काढा, पण पायाला हात लावायचा नाही. पाया काढला तर काढणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. रूबेनच्या बापाला हे त्याच्या बापाने सांगितलं होतं, आणि गावात यावर कुणी हसत नसे, पाद्रीसुद्धा नाही.

१९१७ च्या ईस्टरला गावात धडधाकट पुरुष राहिला नव्हता. रूबेन फ्रान्समध्ये होता. माझा भाऊ एमॉस तिथेच. घोडे सैन्याने नेलेले. त्या हिवाळ्यात कड्याचा मोठा लचका तुटला होता आणि रूबेनच्या बायकोची, मर्सीची, झोप उडाली होती. तिच्या कडेवर आठ महिन्यांची हेटी होती. वर दिसणारे दगड आम्हा बायकांना हलण्यासारखे नव्हते, आणि हलण्यासारखे संपले होते. मर्सी म्हणाली, “पुरुष परत येतील तेव्हा घर जागेवर पाहिजे. खालचे काढू या.” आम्ही सहा जणी होतो. मी वीस वर्षांची, सगळ्यात लहान. सोमवारी सुरू केलं ते पुढचे आठ दिवस संध्याकाळचे खणत होतो. मर्सीच्या फाटकासमोरून सुरुवात केली आणि डावीकडे सरकत हॉथॉर्नच्या झुडपापर्यंत गेलो. एप्रनच्या ओच्यात दगड भरायचे आणि कड्यावरून टाकायचे. झुडपाशी पोचल्यावर हात सोलून निघाले म्हणून थांबलो. मग कुणाला कळू नये म्हणून किनाऱ्यावरचे गोटे वर आणून तो चर भरला, वर माती, वर गवताच्या ढेपा. जूनपर्यंत तिथे काही झालं होतं असं वाटतही नव्हतं.

नोव्हेंबरात एमॉस गेल्याची तार आली. त्याच महिन्यात सहांपैकी आणखी दोघींचे नवरे गेले. फेब्रुवारीत घटसर्पाने हेटी गेली, दीड वर्षाची होऊन. तिच्या दफनानंतर मर्सीने मला चर्चच्या भिंतीआड नेलं आणि माझं मनगट धरलं. “नेल, शपथ घे. मरेपर्यंत नाही बोलायचं. रूबेनला तर नाहीच.” मी घेतली. बाकीच्या चौघींनीही घेतली असणार. त्या सगळ्या आता गेल्या. मर्सी १९५५ मध्ये गेली. तिला आणि रूबेनला पुन्हा मूल झालं नाही.

म्हणजे १९६१ साली ही गोष्ट जाणणारी जिवंत माणूस मी एकटी होते.

मे महिन्यात मिस लॅथम आल्या. पंचेचाळीसच्या, उन्हाने रापलेल्या, पुरुषी बूट, आवाज मऊ. लंडनच्या कुठल्याशा खात्याने त्यांना तट खणून बघायला पाठवलं होतं. दुकानात त्या पोस्टाची तिकिटं घ्यायला आल्या तेव्हा मीच विचारलं की बघून पुढे काय. त्यांनी सरळ सांगितलं: जमिनीखाली भिंत शाबूत असली तर हे स्थळ जपण्यासारखं आहे असं त्या लिहू शकतील. आणि स्थळ जपायचं म्हणजे समोर समुद्राला बांध घालावा लागेल. “मी वचन देत नाही हं, मिस स्माय. पण खात्याने दुसऱ्या एका ठिकाणी असं केलंय.”

संध्याकाळपर्यंत गावात बांध घालून झालासुद्धा. पबचा मालक वॉल्टर कॅचपोल तर बांधावर बाकं कुठे ठेवायची ते सांगत होता. रूबेन कोपऱ्यात बसून ऐकत होता. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण मी पाहिलं, त्याचा चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा झाला होता. बांध झाला तर कोट वाचणार होता, पण रूबेनला कोटाचं काय! कोटाच्या मागे त्याचं घर होतं. मर्सी ज्या खाटेवर गेली ती खाट त्या घरात होती, हेटी जिथे जन्मली ती खोली होती. त्याला तिथेच मरायचं होतं, आणि एकोणीस पावलं त्याला पुरणार नव्हती.

मिस लॅथमनी त्याला कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी त्या त्याला म्हणाल्या, “मिस्टर गर्लिंग, मला एकच चर घेता येईल. तीन आठवडे आहेत, आठ विद्यार्थी आहेत, आणि कुरणाची मालकीण एवढ्यालाच कशीबशी हो म्हणाली आहे. तुम्हाला ही जमीन माझ्यापेक्षा जास्त माहीत. कुठे घेऊ?”

“माझ्या फाटकासमोर घ्या, बाई,” रूबेन म्हणाला. “वरचं तिथलं मी स्वतः काढलंय, खोटं बोलत नाही. पण पाया आहे. पायाला आमच्यात कुणी हात लावत नाही.”

त्यांनी लोखंडी सळई मागवली. रूबेनने ती फाटकासमोर उंचवट्यात घातली. हात-दीड हात खाली गेली आणि टक्क वाजली. बाजूला घातली, पुन्हा टक्क. बघायला जमलेले सगळे हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. रूबेनने माझ्याकडे बघून टोपी हलवली. मी दुकान बंद करून आले होते, पुढेच उभी होते. ती सळई कशावर वाजतेय हे मला माहीत होतं. आमच्याच गोट्यांवर. एप्रनमधून वर आणलेल्या.

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं: ‘इथे नको, झुडपाच्या पलीकडे घ्या.’ का सांगितलं, कसं माहीत, ते नंतर बघता आलं असतं. पण मी मनाशी म्हटलं, शपथ आहे. मग म्हटलं, खणतील, नाही मिळालं तर पुढे सरकतील, मी कशाला बोलू. झाकली मूठ झाकलेलीच राहिली तर काय बिघडलं. मी घरी आले आणि बटाटे सोलत बसले.

पहिले दोन आठवडे रूबेन सुखी होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्या हातात फावड्याऐवजी थापी दिली होती. पबमध्ये वॉल्टरने त्याला धरलं. “काय रे, आता चहाच्या चमच्याने खणतोस म्हणे?”

“चमचाच आहे,” रूबेन म्हणाला. “पण चमच्याने खाल्लं की चव कळते. तुझ्यासारखं वाडग्याला तोंड लावलं की नाही कळत.”

आधी खंदक उघडला. वर रुंद, खाली निमुळता होत गेलेला, आणि अगदी तळाशी पाऊल अडकून घोटा मोडेल अशी अरुंद खाच. विद्यार्थी मापं घेत होते. रूबेन तळाशी उकिडवा बसून बाजूच्या मातीवरून बोट फिरवत होता. मी डबा द्यायला गेले होते, तर मला म्हणाला, “नेल, ये, बघ. हा उजव्या हाताने काम करणारा होता. डावी बाजू साफ आहे, उजवीला वळताना अडचण झालीय त्याला. आणि इथे, इथे दमलाय. सोळाशे-सतराशे वर्षं झाली, पण दमलेला कळतो.” मिस लॅथम वहीत लिहायच्या थांबल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. नंतर दुकानात मला म्हणाल्या, “माझ्या विद्यार्थ्यांनी दहा वर्षं काम केलं तरी त्यांना हे दिसणार नाही.” मी म्हटलं, “हो, हुशार आहे,” आणि पाकिटावर शिक्का मारला. शिक्का तिरका पडला.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी ते तटाच्या जागेवर पोचले. मी दुकानात होते. वॉल्टरची बायको सांगायला आली की काहीतरी बिनसलंय, सगळे गप्प आहेत.

मी केक घेऊन गेले. केक का, ते विचारू नका. रिकाम्या हाताने जायला पाय उचलत नव्हता. चर गळ्याइतका खोल गेला होता. त्यात भिंत असायला हवी तिथे गोल गोल गोटे आणि पिवळी माती होती, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र पायाच्या खड्ड्याच्या कडा अगदी सरळ, जणू कुणी मोठा दात उपटून नेलाय. रूबेनच्या हातात एक गोटा होता.

“समुद्रकाठचा आहे,” तो मिस लॅथमना म्हणाला. “फोडलेला नाही, लाटेने घासलेला. चुना नाही. हा पाया नाही, बाई. पाया काढून भरलेला खड्डा आहे.”

एका मुलीने तळातून निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा उचलून दिला. मिस लॅथमनी तो पुसला, उलटा केला आणि म्हणाल्या, “शंभर वर्षांच्या आतलं आहे. कुणीतरी आपल्या काळातच भिंत चोरून नेलीय.” ती बशी माझ्या आईची. खणण्याच्या दुसऱ्या दिवशी तिथेच पाव खाताना फुटली होती आणि आईने मला घरी मार दिला होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं आता सगळे माझ्याकडे बघणार. कुणी बघितलं नाही. रूबेन चराच्या भिंतीला टेकून खाली बसला. त्याने टोपी काढली. मी त्याला पन्नास वर्षं ओळखत होते, त्याला शिवी देताना कधी ऐकलं नव्हतं.

“ज्याने कुणी हे केलं ना, त्याचे हात झडले असतील,” तो म्हणाला. “माझ्या दारासमोरून, रात्रीबेरात्री, चोरासारखं. मी फ्रान्समध्ये चिखलात पडलो होतो तेव्हा असेल. त्याच्या घरात माणूस टिकलं नसेल, आणि टिकलं नाही तेच बरं. मर्सी नाही आज, तेच बरं. तिला बघवलं नसतं हे.”

मिस लॅथम वर आल्या. चराच्या काठावर गावातले पंधरा-वीस जण उभे होते. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “चार दिवस आहेत अजून. दुसरीकडे छोटासा खड्डा घेता येईल, पण तिथेही काढलेलं असेल तर उरलेली मोजमापं राहून जातील. तुमच्यापैकी कुणाला काही ऐकून माहीत आहे का? आईवडलांकडून? कुठून कुठपर्यंत काढलंय?”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. वॉल्टरने मान हलवली. माझ्या हातात केकची थाळी होती. झुडूप माझ्या डाव्या हाताला होतं, दिसत होतं, त्याला फुलं येऊन गेली होती. माझ्या तोंडात शब्द तयार होते. आणि खाली चरात रूबेन बसला होता. ‘त्याचे हात झडले असतील’ म्हणून नुकताच थांबलेला. मी बोलले असते तर ते हात मर्सीचे होते. त्याच्या घरात टिकलं नाही ते माणूस हेटी होती.

“केक घ्या कुणीतरी,” मी म्हटलं. “चहा थंड होईल.”

चार दिवसांत त्यांनी सगळं कागदावर उतरवलं. मग चर बुजवला. तो रूबेननेच बुजवला, आणि सगळ्या थरांची माती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत घातली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ऑगस्टच्या शेवटी मिस लॅथमचं पत्र त्याला आलं. पाकीट माझ्याच हातून गेलं. त्याने ते काउंटरवरच उघडलं आणि मला वाचायला दिलं, चष्मा विसरलो म्हणून. त्या लिहीत होत्या की त्यांना फार वाईट वाटतं. भिंत नेलेली असल्यामुळे स्थळ जपण्याची शिफारस खात्याने मानली नाही. खंदकाची आखणी मात्र फार मोलाची ठरली आणि अहवालात त्याचं नाव असेल.

“नाव असेल,” रूबेन म्हणाला. “बरं.” त्याने तंबाखू घेतली आणि गेला.

जानेवारीत तीन दिवस ईशान्येचा वारा लागला. चौथ्या दिवशी सकाळी वॉल्टर दुकानात आला, तोंड पांढरं. “नेल, खाली चल. भिंत निघालीय.”

ओहोटी होती. सगळं गाव किनाऱ्यावर. झुडपाजवळचा कडा मोठा अर्धगोल खाऊन आत गेला होता, झुडूप मुळांवर लोंबत होतं, आणि त्याच्या पलीकडे कड्याच्या अंगात तट उभा होता. पायापासून माणसाच्या खांद्याच्याही वर. चकमकीचे फोडलेले दगड ओळीने, मग पातळ लाल विटांचा पट्टा, मग पुन्हा चकमक. चुना असा पांढरा की गवंडी नुकताच जेवायला गेलाय असं वाटावं. टोकाला बुरुजाची गोलाई सुरू होत होती. बायका हात लावून बघत होत्या. कुणी जोरात बोलत नव्हतं.

रूबेन भिंतीला तळहात टेकून उभा होता. मग वळला आणि कड्यावर आपल्या फाटकाकडे बघितलं, मनात मोजलं. “दहा पावलं,” तो म्हणाला. “चर दहा पावलं डावीकडे घेतला असता तर.” मग म्हणाला, “मीच सांगितलं होतं कुठे घ्यायचा ते.”

ते मला ऐकवेना. एवढं तरी माझ्यात शिल्लक होतं. मी त्याला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. सहा जणी, एप्रन, गोटे, झुडपापर्यंत. शपथ. बशी. सांगताना मी त्याच्या बुटांकडे बघत होते.

त्याने एवढंच विचारलं, “मर्सीपण?”

“हो.”

“पुढे ती होती?”

“हो. तिचीच कल्पना. घर राहावं म्हणून, तू येईपर्यंत.”

तो पायऱ्या चढून घरी गेला. मी दुकानात जाऊन मिस लॅथमना तार केली: भिंत सापडली, लगेच या. त्या तिसऱ्या दिवशी आल्या. आदल्या दिवशीच्या मोठ्या भरतीने तट पायासकट बाहेर ओढला होता आणि किनाऱ्यावर मोटारीएवढे तुकडे पडले होते. वरातीमागून घोडं. त्यांनी तुकड्यांचे फोटो काढले, पावसात भिजत. पुन्हा खात्याला लिहिलंही. उत्तर आलं की जे उरलेलं नाही त्याचं रक्षण करता येत नाही. खरंच होतं ते.

रूबेन दुकानात येत राहिला, पूर्वीसारखा. तंबाखू, काडेपेटी, शुक्रवारी हेरिंग मासे. “सकाळ बरी आहे, नेल.” “बरी आहे, रूबेन.” त्याने मला चार लोकांत फाडून खाल्लं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. त्याने ते सुख मला दिलं नाही. मुद्दाम नाही, माझ्याशी भांडायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं. कडा सहा पावलांवर आला तेव्हा कौन्सिलने घर खाली करायला सांगितलं. बारा मैल आत, त्याच्या पुतणीच्या गावी, एक खोली.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी सामान बांधायला गेले. बोलावलं नव्हतं, पण दुसरं जाणार कोण. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. खाट आधीच व्हॅनमध्ये चढली होती. रूबेन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, समुद्राकडे पाठ करून.

“मर्सीने मला एकदा विचारलं होतं,” तो म्हणाला. “मी लढाईवरून आलो त्याच वर्षी. इथेच, भांडी विसळत होती. म्हणाली, रूबेन, खालचं काढलं तर खरंच काही होतं का रे? की नुसतं म्हणायचं?”

माझ्या हातातला कप तसाच राहिला. “तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, होतं. काढणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. बाप सांगायचा तेच सांगितलं. मला काय माहीत ती का विचारतेय. तिने भांडी पालथी घातली आणि परत कधी विचारलं नाही.” त्याने खुंटीवरची टोपी काढली. “छत्तीस वर्षं, नेल. माझ्या शेजारी झोपायची आणि हेटीला आपण मारलं असं धरून चालायची. आणि ते तिला मी सांगितलं होतं. नाही म्हणालो असतो तर तिने सगळं बोलून टाकलं असतं. तसं काही नसतं गं, एवढंच म्हणायचं होतं.”

बाहेर व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला. रूबेनने टोपी घातली आणि गेला. जूनमध्ये त्याच्या पुतणीने पत्राने कळवलं की काका झोपेत गेला, तक्रार काही नव्हती.

मी त्याला त्या दिवशी म्हणायला हवं होतं की, रूबेन, पोर घटसर्पाने गेलं, त्या साली गावात आणखी तीन पोरं गेली, ज्यांच्या आयांनी एक खडाही उचलला नव्हता. ते खरं आहे. पण मीही मर्सीला ते कधी म्हटलं नव्हतं, जन्मभर एका गावात राहून. मला एमॉसबद्दल तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.